उंबरा मी कापला

कर्जतच्या आमच्या घरात पुढच्या दाराला उंबरा नाही. नवखं माणूस आलं की सवयीनं पाय उचलतं आणि तो पाय रिकामाच खाली येतो. मग ते वाकून बघतं. चौकटीच्या दोन्ही अंगांना लाकडाचे दोन खुंट, मधे नुसती जमीन. "उंबरा कुठं गेला?" असं कुणी विचारलं की मी सांगते, मी कापला. भर दिवसा, सगळ्या गल्लीसमोर, माझ्या हातानं. यावर मला पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं आहे. मी ऐकून घेतलं, पण पटवून घेतलं नाही. अजूनही घेत नाही.

घर मामंजींच्या वडिलांनी बांधलेलं. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं सपाट माळवद. भिंती एवढ्या जाड की कोनाड्यात तान्हं पोर निजवावं. उन्हाळ्यात आत गार असायचं. मला ते घर आवडायचं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोक म्हणाले, नगरची पोर, हिला जुन्या घराची माया कुठली? माळवदावर दरसाल पांढरी माती टाकून चोपून घेणारी मी. भिंतींना पोतेरा देणारी मी. सारवून सारवून माझी नखं झिजली होती. माया म्हणजे आणखी काय असतं मला ठाऊक नाही.

उंबरा सागाचा होता. वीतभर उंच, वर घोड्याची नाल ठोकलेली. ते लाकूड बैलगाडीतून कसं आणलं, चौकट उभी केली तेव्हा गावाला जेवण कसं घातलं, खाली तांब्याचा पैसा कसा पुरला, हे मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या उंबऱ्यावर बसायचं नाही, उभं राहायचं नाही, शिंकायचं नाही, उंबऱ्याअलीकडून पलीकडं काही द्यायचं घ्यायचं नाही. रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहायचं काम माझं. मी ते मनापासून करत होते.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझे यजमान, म्हणजे आमच्या पोरीचे वडील, राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. हंगामात तिकडंच राहायचे आणि हंगाम संपला की यंत्रांच्या दुरुस्तीसाठी पुन्हा तिकडंच. महिन्या-दीड महिन्यानं एसटीनं यायचे, दोन दिवस राहायचे. म्हणजे घरात माणसं तीन. मी, मामंजी आणि आमची लेक.

मामंजी बाजारात मापाडी होते. शेतकऱ्याचं धान्य आलं की ते मोजून द्यायचं त्यांचं काम. मोजताना त्यांचा हात हलका पडला किंवा जड पडला असं कधी कुणी म्हटलं नाही. विकणाराही त्यांच्यावर विसंबायचा आणि घेणाराही. गावात मान होता. तो मान त्यांना फार जपायचा असायचा.

लेक वर्षाची झाली, भिंतीला धरून पावलं टाकायला लागली, आणि तिला ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली. ताप उतरला, पण तिला उभं करायला गेले तर उजवा पाय घडी मोडल्यासारखा खाली बसला. पुन्हा उभी केली, पुन्हा बसला. तेल लावून झालं, शेक देऊन झालं, वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, कुठूनसा अंगारा आणला तोही लावून झाला. मग मी तिला घेऊन नगरला गेले. तिथल्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन बघितला आणि पोलिओ म्हणून सांगितलं.

"पाय बरा होईल का?" मी विचारलं.

"तो पाय आता एवढाच," त्या म्हणाल्या. "मोठी झाली की लोखंडी कॅलिपर बसवू, मग उभी राहील. पण तोवर हिला एका जागी बसवून ठेवू नका. हिंडू द्या, सरपटू द्या, मातीत लोळू द्या. बसून राहिली तर चांगला पायही आळसावेल."

परत येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत ठरवून टाकलं की ही बाई जे म्हणाली तेच करायचं. बाकी कुणाचं काही ऐकायचं नाही. रडले नाही असं नाही. पण ते कर्जत येण्याच्या आत उरकलं.

लेक सरपटायला लागली. दोन्ही तळहात जमिनीवर टेकायचे, डावा पाय पुढं घ्यायचा आणि उजवा मागून ओढायचा. चार वर्षांची होईस्तोवर ती घरभर मांजरीसारखी फिरायची. माजघराचा आणि स्वयंपाकघराचा उंबरा बुटका होता, ते दोन्ही तिनं जिंकले. पुढच्या दाराचा मात्र तिला जमेना. आत वीतभर चढायचं आणि पलीकडं ओटा आणखी हातभर खाली. ती उंबऱ्यापाशी यायची, हनुवटी त्यावर टेकायची आणि बाहेर बघत बसायची.

ते दुष्काळाचं साल होतं, बहात्तर संपून त्र्याहत्तर लागलेलं. बाजारात धान्य येईना, मापाड्याला काम नाही. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर जायचं. मामंजींचं वय झालेलं, ते दिवसभर ओट्यावर बसून असायचे. येणारेजाणारे टेकायचे, गप्पा चालायच्या. आतून लेक हाका मारायची.

"आबा, मला बाहीर घ्या."

"आत खेळ बाय."

"मला बाहीर खेळायचंय."

"बाहीर ऊन हाय."

मग ते बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून तिला उंबऱ्यावरूनच द्यायचे. उंबऱ्यावरून काही देऊ नये हा नियम त्यांचाच. गुळापुरता तो मोडलेला चालत होता.

मी तिला उचलून ओट्यावर ठेवलं की थोड्या वेळानं मामंजी तिला उचलून आत आणून ठेवत. एकदा मी सरळ विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "लोकं इचारत्यात. पोरीला काय झालं, कवा झालं, आता हिचं कसं व्हायचं. धा जनांला धा येळा काय सांगू? आत ऱ्हाऊ दे. झाकली मूठ असती ती."

मला त्या मुठीची चीड आली. पण सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नसे. मीही बोलत नव्हते.

एके दिवशी मी मागं भांडी घासत होते आणि पुढून धप्प असा आवाज आला. लेकीनं उंबऱ्यावर पोट घातलं होतं आणि पलीकडं डोक्यावर पडली होती. समोरचा दात ओठात घुसलेला. मी तिला उचललं तेव्हा ती रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "मी बाहीर आले. आई, मी बाहीर आले."

मामंजी घाबरून उभे होते. "पोरीला आवरता येत न्हाई का तुला?" ते ओरडले.

वन्सं जवळच्याच खेड्यात दिलेल्या होत्या. त्यांना कळलं तशा त्या बघायला आल्या. माणूस मायेचं. पोरीला मांडीवर घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, पानी आनाय जाताना खांबाला बांधून ठेवत जा की हिला. आमच्याकडं समदीच बांधत्यात. मी बी बांधली माझी पोरं."

"तुमची पोरं चालायला लागल्यावर तुम्ही सोडलीत ना?" मी म्हटलं. "हिला मी कधी सोडायची?"

मामंजी ओट्यावर होते, त्यांनी ते ऐकलं होतं, पण त्यातलं बांधायचं तेवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं.

पाण्याचा टँकर यायचा तेव्हा सगळी गल्ली धावायची. त्या दिवशी तो उशिरा आला आणि मला बराच वेळ लागला. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन मी घरात शिरले तर घर चिडीचूप. एरवी मी दारात पाऊल टाकायच्या आत आई आई सुरू व्हायचं. मी माजघरात आले. मधल्या खांबापाशी वाकळ अंथरली होती. वाकळेवर लेक बसली होती आणि तिच्या कमरेला धोतराची पट्टी बांधून ती खांबाला अडकवली होती.

ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून हसली.

"आई, मी गाय हाय. आबांनी मला बांधलीय. मला कडबा टाक."

मी हंडा खाली ठेवला. कसा ठेवला ठाऊक नाही, पण त्या दुष्काळात ओंजळभर पाणी जमिनीवर सांडलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी गाठ सोडली. गाठ ढिली होती. पट्टीखाली लुगड्याची घडी लावली होती, कमरेला रुतू नये म्हणून. शेजारी गुळाचा खडा आणि कंदिलाच्या काचेचं रिकामं खोकं ठेवलं होतं खेळायला. त्यांनी फार मायेनं तिला बांधलं होतं. ते बघून माझ्या अंगाची आग आग झाली.

मी बाहेर आले. "मामंजी, पोरीला बांधलं कुणी?"

"म्या बांधलं. पुन्यांदा पडली आन् डोकं फुटलं तर?"

"ती म्हणते, मी गाय झाले."

"मग? खेळतीया न्हवं."

"आज खेळते. उद्या तिला खरंच वाटेल."

मी थांबले नाही. मी म्हटलं, "या घरात एक तर पोर बांधायची, नाहीतर उंबरा काढायचा. मी पोर बांधणार नाही."

"उंबरा काढाय त्यो काय पाट हाय का?" मामंजी म्हणाले, आणि हसले. त्यांना वाटलं, बाई रागात बोलते, संध्याकाळपर्यंत निवळेल.

मी लेकीला कडेवर घेतलं आणि मागच्या गल्लीत सुताराकडं गेले. सुतार दारातच रंधा मारत बसला होता. मी काम सांगितलं. त्यानं रंधा खाली ठेवला आणि दोन्ही कानांना हात लावले.

"वहिनी, उंबऱ्याला करवत लावायचं पाप मी घेनार न्हाई. आन् तुमच्या मामंजींना काय तोंड दावू? दुसरं कायबी सांगा."

"मग करवत द्या. मी कापते."

"करवतबी देनार न्हाई. ती माझीच हाय न्हवं."

मी परत फिरले. त्यांच्या परसापाशी आले तर भिंतीवरून सुताराची बायको हाक मारत होती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली करवत होती.

"सरपान कापाय न्हेतीस न्हवं?" ती मोठ्यानं म्हणाली, नवऱ्याला ऐकू जाईल अशी. मग हळू आवाजात म्हणाली, "जुनं लाकूड हाय. पात्याला साबन लाव, न्हाईतर अडकंल. आन् खालनं दगड लागला की थांब, दाते जात्याल." तिनं लेकीच्या गालाला हात लावला आणि आत निघून गेली.

घरी आले. मामंजी ओट्यावरच होते. मी लेकीला आत वाकळेवर बसवलं, पदर खोचला, उंबऱ्यापाशी गुडघे टेकले. सकाळी मीच वाहिलेलं हळदकुंकू अजून ओलसर होतं. ते मी फडक्यानं पुसून घेतलं, हात जोडले आणि करवत ठेवली.

"मामंजी, जरा सरकून बसा. भुसा उडेल."

ते उठूनच उभे राहिले. "काय करतीस तू? ए! ठेव ती करवत. घराची लक्ष्मी जाईल!"

"लक्ष्मी मघाशी तुम्हीच खांबाला बांधली होती मामंजी," मी म्हटलं. "ती बाहेर यायची वाट करतेय मी."

असं मी सासऱ्यांना बोलले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

करवत चालवणं मला येत नव्हतं. सुरुवातीला ती नुसती घसरायची. मग खाच पडली, मग पातं अडकलं, साबण लावला, पुन्हा सुरू केलं. साग वाळून लोखंड झाला होता. खांदे भरून आले, तळहातावर फोड आले आणि फुटले. एका बाजूला खालच्या दगडाजवळ पोचले, मग दुसरी बाजू. बाहेर बाया जमल्या. बाया होत्या म्हणून पुरुषही थांबले. कुणी म्हणत होतं बाईच्या अंगात आलंय. कुणी म्हणत होतं, हिच्या नवऱ्याला तार करा. एक म्हातारी सारखी कपाळावर हात मारून "घर फुटलं गं बाई, घर फुटलं" करत होती. मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर हात थांबला असता.

मामंजी ओट्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मला धरून उठवलं नाही, करवत हिसकली नाही. सुनेच्या अंगाला हात लावणारा माणूस नव्हता तो. दुसऱ्या बाजूची खाच निम्म्यावर आली तेव्हा त्यांनी डोक्याला पटका गुंडाळला, काठी घेतली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. कुठं जाताय म्हणून विचारायला मला तोंड नव्हतं आणि खरं सांगायचं तर श्वासही नव्हता.

शेवटचं बोटभर लाकूड पहार घालून मोडलं. मधला तुकडा कडकन सुटला. खाली घट्ट माती आणि त्या मातीत हिरवा पडलेला तांब्याचा पैसा खरोखरच होता. मी तो धुतला आणि देवघरात ठेवला. खड्डा मुरमानं भरला, ओट्यापर्यंत उतार केला, वर पाण्याचा शिपका मारून धुमसानं चोपून घेतला. मग मी बाजूला सरून भिंतीला टेकून बसले.

मी तिला हाक मारली नाही. ती आपणहून आली. तळहात टेकत, पाय ओढत, जिथं उंबरा होता तिथं क्षणभर थांबली, हातानं चाचपून बघितलं, आणि उतारावरून घसरत ओट्यावर गेली. मामंजींच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. समोर सगळी गल्ली तिच्याकडं बघत उभी होती. ती म्हणाली, "सरका की. मला काय दिसंना."

लोक सरकले.

मामंजी चालत वन्संच्या गावाला गेले होते. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं. मला ते टँकरपाशी, गिरणीत, सगळीकडं ऐकायला मिळालं. मी सांगायचे, काढलं नाही, ते गेले. परत आले तर दार उघडंच आहे, आता तर मधे अडायलाही काही नाही.

पोरीच्या वडिलांना कुणीतरी निरोप धाडला. ते मिळेल त्या एसटीनं आले. गल्लीच्या तोंडाला दिसले तेव्हाच चेहरा उतरलेला होता. ओट्यावर लेक खेळत होती. तिनं बापाला बघितलं आणि पायरीवरून खाली उतरून, धुळीतून फरफटत त्यांच्याकडं निघाली. त्यांनी हातातली पिशवी खाली टाकली. इतके दिवस ते घरात येऊन तिला उचलायचे. ती त्यांना सामोरी कधी आली नव्हती.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "आबांना काय सांगू?"

"सांगा, बायकोनं केलं आणि तिला वाईट वाटत नाही."

"तुला खरंच वाटत नाही?"

"ते गेले त्याचं वाटतं. कापल्याचं नाही."

सकाळी त्यांनी कानस घेऊन दोन्ही खुंटांची खरखरीत तोंडं घासून गुळगुळीत केली, लेकीच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. मग वडिलांना आणायला गेले आणि एकटेच परत आले. मामंजींचा निरोप होता की उंबरा बसवा, मग येतो. पोरीच्या वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजन्म मानत आले.

दिवाळीला वन्सं आल्या तेव्हा दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आता हळदकुकू कशाला व्हातीस?"

"जमिनीला," मी म्हटलं. "तीही घराचीच आहे."

त्या साली पाऊसपाणी झालं होतं, शेतात पिकं आली, बाजार पुन्हा भरायला लागला. मापाड्याची गरज पडली आणि मामंजी गावात परत आले. घरी आले, पण मागच्या दारानं. पुढच्या दाराकडं त्यांनी बघितलंही नाही. माझ्याशी बोलणं बंद. सगळं बोलणं लेकीमार्फत.

"तुझ्या आईला सांग, भाकर वाढ."

"आई, आबा भाकर मागत्यात."

"तुझ्या आईला सांग, कालवन खारट झालंय."

"आई, आबा म्हनत्यात कालवन लई झ्याक झालंय."

मामंजी तिच्याकडं डोळे वटारून बघायचे आणि तेच कालवण भाकरीबरोबर गुमान खायचे. मला हसू यायचं, ते मी चुलीकडं तोंड करून लपवायचे.

दरम्यान लेकीला गल्ली पुरेना. ओट्यावरून खाली, गल्लीतून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावरून पुढं. गुडघ्यांना घट्टे पडले, फ्रॉक फाटायचे, मी ठिगळं लावायचे. एका बाजाराच्या दिवशी मी तिला शोधत ओट्यावर आले तर ती नाही. मी वेड्यासारखी धावत सुटले.

बाजारात काय झालं ते मला सुताराच्या बायकोनं सांगितलं, ती ज्वारी घ्यायला गेली होती. मामंजी माप घालत होते. धान्याच्या पोत्यांमधून, बैलांच्या पायांतून धुळीनं माखलेली आमची लेक त्यांच्यापुढं येऊन थांबली आणि म्हणाली, "आबा, मी आले." मामंजींचं माप हातातच राहिलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, तिला उचललं आणि ज्वारीच्या राशीवर बसवलं. बाहेरगावचा कुणी व्यापारी होता. तो म्हणाला, "म्हातारबा, नात अधू हाय का तुमची?"

मामंजी म्हणाले, "माप पुरं हाय तिचं. म्या मोजलंय." आणि पुढचं माप भरायला घेतलं.

मी पोचले तेव्हा ती राशीवर बसून दाणे मुठीनं उडवत होती. मामंजींनी माझ्याकडं बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी थेट मला म्हणाले, "घरी नेऊन हात धू तिचं. धूळ हाय धान्याला."

"होय मामंजी," मी म्हटलं.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ते तिला खांद्यावर बसवून नेऊ लागले. आमचं बोलणं सुरू झालं. पण पुढच्या दारानं ते कधीच आले गेले नाहीत. पाय थकले तरी वळसा घालून मागनंच यायचे. त्यांनी मला माफ केलं नाही, मी माफी मागितली नाही. एका चुलीवरचं जेवण दोघांनी खाल्लं, त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मी केलं, आणि उंबऱ्याचा विषय दोघांनीही काढला नाही. काही माणसांत असंच असतं. त्यात खोट होती असं मला वाटत नाही.

लेकीला कॅलिपर बसवला ती शाळेत जायच्या वयाची झाल्यावर. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. पहिल्या दिवशी तिनं तो भिरकावून दिला. आठवड्याभरात तो घालून ती कोंबड्यांच्या मागं लागली.

जूनमध्ये मी तिला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तर भले होते, पण भले लोकच जास्त अडवतात असा माझा अनुभव. त्यांनी तिच्या पायाकडं बघितलं आणि हळुवारपणे म्हणाले, "बाई, आपल्या शाळेला व्हरांड्याच्या पायऱ्या आहेत. हिला चढउतार जमायची नाही. पोरं धक्के देतील. घरीच शिकवा तिला. तुम्ही तर शिकलेल्या दिसता."

मी बोलायला तोंड उघडलं, पण लेकीनं आधीच उत्तर दिलं.

"पायऱ्या नगं असतील तर माझी आई कापती," ती म्हणाली.

हेडमास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. शेजारी बसलेले गुरुजी आमच्याच गल्लीतले होते. ते खोकल्याचं निमित्त करून बाहेर निघून गेले. मी म्हटलं, "हेडमास्तर, तिला पायऱ्या चढून दाखवू द्या. नाही जमल्या तर मी घेऊन जाते."

ती गेली. भिंतीला एक हात, आधी चांगला पाय वर, मग लोखंडाचा पाय खणकन त्याच्या शेजारी. मधल्या पायरीवर तोल गेला, ती बसली. हेडमास्तर उठायला लागले तशी मी त्यांना हातानंच थांबवलं. मलाही उठावंसं वाटत होतं. ती स्वतःच उठली आणि वर गेली. वर जाऊन तिनं मागं वळून आमच्याकडं बघितलंही नाही. वर्गाचं दार उघडं होतं, आत पोरं पाढे म्हणत होती. ती आत शिरली आणि एका मुलीला "सरक" म्हणून तिच्या शेजारी बसली.

हेडमास्तरांनी नाव लिहून घेतलं. मी थोडा वेळ व्हरांड्याखाली लिंबाच्या सावलीत उभी राहिले. आतून पाढ्यांचा गलका येत होता, त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि चुकीचा. मग मी घरी गेले. दळण टाकायचं राहिलं होतं.